‘पीआरसी’ येणार म्हटल्यावर

पंचायत राज समितीचा, म्हणजे ‘पीआरसी’चा, दौरा लागला, की पंचायत समितीच्या भिंतींना आधी रंग लागतो आणि कागदांची आठवण मागाहून होते. आमच्याकडंही तसंच झालं. मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीच्या लेखा शाखेत सहायक लेखा अधिकारी होते. आता निवृत्त आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहिता येतं. जिल्हा-तालुक्याचं नाव मात्र टाकत नाही. तेव्हाचे बरेच जण अजून नोकरीत आहेत आणि मला कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. ‘पीआरसी येणार’ एवढं ऐकून ज्यांची झोप उडते, त्या नव्या पोरापोरींना पुढं काय काय होतं ते आधी कळावं, म्हणून हा खटाटोप.

अधिवेशनातला गदारोळ टीव्हीवर दिसतो, पण विधिमंडळाचं बरंचसं काम वर्षभर समित्यांमध्ये चालतं. राज्याच्या खात्यांचे हिशेब लोकलेखा समिती बघते, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचं पुढं काय झालं ते आश्वासन समिती विचारते, रोहयोची समिती वेगळी. आपण, म्हणजे जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, पंचायत राज समितीच्या वाट्याला येतो. दोन्ही सभागृहांचे आमदार तिच्यात असतात, सत्तेतले आणि विरोधातले दोन्ही. समिती येते ती दोन अहवाल हातात घेऊन: स्थानिक निधी लेखापरीक्षेचा (म्हणजे आमच्या हिशेबांच्या सरकारी ऑडिटचा) पुनर्विलोकन अहवाल आणि जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल. राज्यात जिल्हा परिषदा ३४ आणि पंचायत समित्या ३५१, समिती मात्र एकच. त्यामुळं तुमच्याकडं ती पोचते तेव्हा विचारलं जाणारं वर्ष कधीच शिळं झालेलं असतं.

आमच्या वाट्याला २०१२-१३ आलं. मराठवाड्यात २०१२-१३ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जायकवाडी मृतसाठ्यात, जालन्याकडं मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या आणि रस्त्यानं दिवसभर टँकर. आधी पाणी पोचवा, कागद मागाहून करू, असंच तेव्हा सगळीकडं चाललेलं. समितीनं बोट ठेवलं ते या मागाहून करायच्या कागदावर.

पत्र नोव्हेंबरच्या मध्यात आलं. वर जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागाचं पत्र, त्याखाली विधानमंडळ सचिवालयाचं, त्याखाली प्रश्नावली. दौरा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवसांचा. सीईओ साहेबांनी (जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी) लगेच बैठक लावली आणि कॅफो साहेबांनी (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) तालुकानिहाय प्रलंबित परिच्छेदांचा, म्हणजे ऑडिटच्या न मिटलेल्या आक्षेपांचा, तक्ता वाचून दाखवला. आमचा आकडा आला तेव्हा आमचे बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब समोरचा पेपरवेट नुसता फिरवत होते. ते सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले, मी त्यांच्या थोडी आधी. २०१२-१३ मध्ये त्या इमारतीत असलेला एकही अधिकारी आता तिथं नव्हता. पीआरसीचा खरा जाच इथं आहे. सही करणारा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा पेन्शनीत, आणि उभं राहून उत्तर द्यायचं तुम्ही.

पुढचा आठवडा अफवांत गेला. शेजारच्या जिल्ह्यात दोघांना जागेवर सस्पेंड केलं म्हणे, एका ग्रामसेवकाला भर सभेत रडवलं म्हणे. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेव्हा नाव बदललं नव्हतं.) यातलं खरं एवढंच, की सदस्य चिडले तर आवाज चढतो. समिती स्वतः कुणाला निलंबित करत नाही. ती निर्देश देते, अहवालात शिफारस करते. कारवाई करायची ती प्रशासनानं, नियमानं चौकशी वगैरे करून. समितीला खोटी माहिती देणं मात्र महागात पडतं, कारण तो सरळ विशेषाधिकार भंगाचा विषय होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ नं विधिमंडळाला आणि त्याच्या समित्यांना ते संरक्षण दिलेलं आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून ओरडा खाणं आणि खोटं सांगून सापडणं, यातला फरक आमच्याकडं पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा समजला.

मग परिच्छेद. ज्यांनी लेखापरीक्षेचा अहवाल कधी नीट वाचला नाही त्यांनी आधी रकमेच्या पुढचा शब्द बघावा. ‘आक्षेपाधीन’ म्हणजे कागद दाखवा, नाही तर उत्तर द्या. ‘वसूलपात्र’ म्हणजे पैसे गेलेले आहेत, ते कुणाकडून आणणार ते सांगा. आमच्याकडचे निम्म्याहून जास्त परिच्छेद पहिल्या जातीचे, आणि त्यातलेही बहुतेक एकाच वाक्यावर संपणारे: ‘अभिलेखे लेखापरीक्षेस उपलब्ध करून दिले नाहीत.’ प्रमाणक (व्हाउचर) नाही, मोजमाप पुस्तिका नाही, उपयोगिता प्रमाणपत्र नाही, जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद नाही. म्हणजे खाल्लेलंच असेल असं नाही; ऑडिटवाले आले त्या दिवशी संबंधित बाबू रजेवर आणि कपाटाची चावी त्याच्या खिशात, असंही पुष्कळदा असतं. असा कागद सापडला, तर स्थानिक निधीच्या जिल्हा कार्यालयाकडून पडताळून घेऊन परिच्छेद वगळून मिळतो. दौऱ्याआधी जेवढे वगळता येतील तेवढे वगळून घ्या. डिसेंबरमध्ये त्या कार्यालयात सगळ्या तालुक्यांची झुंबड उडते, म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात तिकडं जाऊन बसायचं. आम्ही गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, “इतकी वर्षं कुठं होतात?” यावर हसण्यापलीकडं काही करता आलं नाही.

प्रत्येक परिच्छेदाची वेगळी फाइल केली. पहिल्या पानावर परिच्छेद जसाच्या तसा, रक्कम, आधी दिलेलं अनुपालन (म्हणजे उत्तर), आजची स्थिती. दुसऱ्या पानावर एक तक्ता, जो मला आमच्या एका जुन्या वरिष्ठांनी फोनवर सांगितला आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला: त्या वर्षी बीडीओ कोण, कनिष्ठ अभियंता कोण, टेबल कुणाकडं, कधीपासून कधीपर्यंत, आज कुठं आहेत. समितीचा दुसरा प्रश्न हाच असतो, “तेव्हा कोण होतं?” हा तक्ता करायला सेवापुस्तकं आणि कार्यभार अहवाल काढावे लागतात, आस्थापना शाखेला आधी चहा पाजावा लागतो. पण तो हातात असला की उभ्या माणसाचे पाय लटपटत नाहीत.

प्रश्नावलीतले काही प्रश्न ठरलेले असतात. सेसमधून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, मागासवर्गीयांसाठी २० टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी १० टक्के खर्च झाला का, दिव्यांगांचा वाटा खर्च झाला का (तेव्हाच्या हिशेबाला ३ टक्के, आता ५), विभागीय चौकश्या किती पडून, अपहाराची प्रकरणं किती, ग्रामपंचायतींचे हिशेबाचे आणि नोंदींचे नमुने १ ते ३३ पूर्ण आहेत का. हे आकडे जिल्ह्याच्या आकड्यांशी जुळलेच पाहिजेत. आमचे एका जागी जुळत नव्हते. जिल्ह्यानं आमच्याकडून घेतलेलाच जुना आकडा पुढं ठेवलेला आणि आम्ही नवा काढलेला. दोन रुपयांचा फरक असता तरी त्यावर पाऊण तास गेला असता, म्हणून रात्री नऊला कॅफो साहेबांच्या कार्यालयात बसून तो जुळवला.

टँकरच्या परिच्छेदाबद्दल जरा सविस्तर लिहिते. मजकूर असा होता: टंचाई कालावधीतील टँकरच्या खेपांची लॉगबुके उपलब्ध करून दिली नाहीत, रुपये सहा लाख त्रेचाळीस हजार आक्षेपाधीन. पाणीपुरवठ्याचं टेबल त्या काळात तीन हातांतून फिरलेलं. अभिलेख कक्षात रुमालात बांधलेले बस्ते सोडून सोडून नाकातोंडात धूळ गेली. आमचे शिपाई मामा दारात उभे राहून बघत होते. दुपारच्याला म्हणाले, “मॅडम, काय शोधायलात तुम्ही एवढं?” सांगितलं. तर म्हणतात, “पाण्याच्या टँकरच्या वह्या का? त्या इथं नाहीत बघा. छत गळायलं तेव्हा ते कपाट उचलून खालच्या गोदामात नेलतं. मीच तर लावला हात.” दोन दिवसांत हा प्रश्न मी सगळ्या टेबलांना विचारून झाले होते, मामांना सोडून. नव्यांना माझं सांगणं आहे, कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या शिपायाला पहिल्या दिवशी विचारा.

गोदामात बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांखाली ते कपाट आडवं पडलेलं. वाळवीनं खालचा कप्पा संपवला होता, वरचा शाबूत. बहुतेक गावांची लॉगबुकं निघाली. दोन गावांची नाही निघाली. एका गावचं ग्रामपंचायतीत मिळालं. दुसऱ्या गावी तेव्हाचे सरपंच म्हणाले, टँकर अंगणवाडीपुढच्या विहिरीत खाली व्हायचा, तिथल्या ताईंना विचारा. ताईंनी पत्र्याची पेटी उघडली आणि पोरांच्या वजनाच्या रजिस्टरांखालून वही काढून हातात दिली. “मला कुणी मागितलीच नाही, तर मी कुणाला देऊ? पोरांचं रजिस्टर जपते तशी ही बी जपली.”

वही बघून मला आधी आनंद झाला आणि पानं उलटल्यावर तो ओसरला. छापील रकाने भरलेले होते: तारीख, गाडी नंबर, खेप, वेळ, सही. पण मधेमधे ताईंनी पेन्सिलीनं आडवं लिहिलेलं. “आज टँकर आला नाही.” एके ठिकाणी, “एकच आला, बाया तीनपर्यंत बसून.” कार्यालयात येऊन ती वही टँकरच्या देयकांशी ताडून बघितली. ज्या दिवशी ताईंनी ‘आला नाही’ लिहिलेलं, त्या दिवशी देयकात दोन खेपा. सगळं मिळून त्या एका गावचे एकतीस हजारांच्या वर निघत होते. म्हणजे कागद सापडल्यामुळं आक्षेपाधीन रक्कम वसूलपात्र झाली असती.

कार्यालयात दोन तट पडले. एकजण म्हणाला, वही सापडलीच नाही म्हणा, बाकीची लॉगबुकं दाखवली की परिच्छेदातली मोठी रक्कम निघून जाते. दुसऱ्यानं त्याच्याही पुढं जाऊन नवीन वही आणू म्हटलं; रकाने भरायचे आणि ताईंची सही घ्यायची. ताईंना हे विचारायला कोण जाणार होतं, देव जाणे. बीडीओ साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “आहे ते फाइलला लावा. आपण तेव्हा नव्हतो, आता आहोत.” मीही तेच सुचवणारी टिपणी लिहून ठेवली होती, पण सही त्यांची लागणार होती आणि त्यांना पुढं बरीच नोकरी करायची होती. ठेकेदाराची अनामत कधीच परत गेलेली. कुणाकडून किती, याचा प्रस्ताव तयार करून आम्ही तो दौऱ्याआधीच जिल्हा परिषदेला पाठवला. समितीनं विचारायच्या आधी वरिष्ठांना लेखी कळवलेलं असलं, की तुमची बाजू आपोआप बरी दिसते.

खर्चाचं सांगते. झेरॉक्स, स्पायरल, फ्लॅग, नवीन बॉक्स फाइल, यांचंच बिल चार हजारांच्या पुढं गेलं. ते सादिलमधून, म्हणजे कार्यालयाच्या किरकोळ खर्चातून, निघालं. समितीला प्रश्नावलीच्या उत्तरांच्या छापील प्रती बऱ्याच लागतात, आणि छापून झाल्यावर चूक दिसतेच, म्हणून शेवटचं वाचन दुसऱ्या शाखेच्या माणसाकडून करून घ्या. इमारतीचा रंग, मांडव, कुंड्या यांत मी नव्हते. ‘चहापाण्याचं बघा’ असा एक निरोप ग्रामसेवकांमध्ये फिरत होता, कुणाकडून कितीपर्यंत तेही ठरल्याचं कानावर आलं. निरोप कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या टेबलावरून त्याचा कागद गेला नाही, जाणारही नव्हता. याविषयी माझं मत स्पष्ट आहे: असली वर्गणी दिल्यानं एकही परिच्छेद वगळला जात नाही, आणि देणाऱ्याच्या तोंडाला मात्र कायमचं कुलूप लागतं.

दौऱ्याचा पहिला दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी. समिती विश्रामगृहावर स्थानिक लोकप्रतिनिधींना भेटते, मग जिल्हा परिषदेच्या सभागृहात सीईओंची साक्ष सुरू होते. ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट आठवतं. इथं टेबलं आयताकृती मांडलेली असतात, एका बाजूला समिती आणि सचिवालयाचे अधिकारी, समोर सीईओ आणि विभागप्रमुख, मागं आमच्यासारखे फायली मांडीवर घेऊन. प्रतिवेदक सगळं शब्दशः टिपून घेतात. तालुक्यांना त्या दिवशी जिल्ह्याला बोलावलेलं असतं पण बहुतेक वेळ बाहेर बसण्यातच जातो. डबा न्या. पाण्याची बाटली न्या. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं उघडं आहे ते सकाळीच बघून ठेवा, कारण अशा दिवशी निम्म्यांना कुलूप असतं आणि चावी असलेला माणूस बंदोबस्तात.

दुसरा दिवस आपला. समितीचे गट पडतात आणि एकेक गट तालुक्यांत निघतो. कुठं थांबणार ते आधी कळत नाही, कळलं तरी ऐनवेळी बदलतं. आमच्याकडं आलेला गट रंगवलेल्या शाळेसमोरून तसाच पुढं गेला आणि आडबाजूच्या शाळेत शिरला. गुरुजींना पहिला प्रश्न ठरलेला: मुख्यालयी राहता का? घरभाडे भत्ता उचलता का? गावात राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव दाखवा. दुसऱ्या सदस्यांनी पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही मागितली आणि शिल्लक तांदूळ मोजायला लावला. ताणकाटा हलेपर्यंत गुरुजींचा जीव खालीवर. दोन-अडीच किलो कमी भरला. सदस्य म्हणाले, “उंदरांचं नाव सांगू नका फक्त.” सगळे हसले, त्यांनी शेरा लिहिला आणि गाड्या पुढं. आरोग्य केंद्रात औषधांच्या मुदतीच्या तारखा बघितल्या, बाळंतपणाची नोंदवही बघितली, बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याला डॉक्टर रोज येतात का ते विचारलं. त्यानं “येत्यात की” म्हटल्यावर डॉक्टरांचा श्वास आम्हाला ऐकू आला.

चारच्या सुमारास पंचायत समितीच्या सभागृहात बीडीओंची साक्ष सुरू झाली. आत काय बोललं गेलं ते सगळं इथं लिहिणार नाही. समितीचं कामकाज, अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत, बाहेर सांगायचं नसतं. आमचा अहवाल सादर होऊन गेला असला तरी सवय जात नाही. पद्धत सांगते. परिच्छेदाचा क्रमांक पुकारला की बीडीओ उत्तर देतात. तुम्ही मागं बसून फाइलचा नेमका फ्लॅग उघडून त्यांच्या पुढ्यात सरकवायचा. मूळ कागद हवा, झेरॉक्स नको. विचारल्याशिवाय आपण बोलायचं नाही. विचारलं तर आधी पद सांगायचं आणि एका वाक्यात उत्तर. “सर, त्याचं असं झालं” अशी सुरुवात केलीत की पुढचे तीन प्रश्न तुमच्या अंगावर. माहीत नसेल तर ‘माहिती घेऊन लेखी सादर करतो’ म्हणावं, पण हे सारखं म्हणता येत नाही, म्हणूनच आधीचे दोन महिने.

टँकरचा परिच्छेद आला तेव्हा समितीनं ती वही मागितली. ती हातोहात सगळ्या सदस्यांकडं गेली. पेन्सिलीच्या ओळी एका आमदारांनी मोठ्यानं वाचल्या; ते स्वतः दुष्काळी तालुक्यातले होते. मग त्यांचा आवाज चढला, आणि तो आमच्यावर नसून तेव्हाच्यांवर आहे हे कळत असूनही छाती धडधडायची थांबेना. वसुलीचा प्रस्ताव आधीच पाठवलाय म्हटल्यावर जावक क्रमांक आणि तारीख विचारली. ती फ्लॅगवरच लिहून ठेवलेली होती. पुढचा परिच्छेद घेतला.

रात्री साडेनऊला सुटलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा जिल्ह्याला वार्षिक प्रशासन अहवालावर साक्ष झाली, त्यात तालुक्यांचं काम थोडं. समिती गेली आणि त्या आठवड्यात आख्खी पंचायत समिती आळीपाळीनं आजारी पडली.

पुष्कळांना वाटतं इथं संपलं. इथून लेखी काम सुरू होतं. ज्या ज्या ठिकाणी ‘लेखी सादर करतो’ म्हटलेलं, त्याचं इतिवृत्त येतं आणि मुदतीत उत्तरं द्यावी लागतात. त्याशिवाय काही विषय समिती बाजूला काढते आणि त्यावर थेट विभागाच्या सचिवांची साक्ष मुंबईत लावते. टंचाईतल्या टँकरचा विषय जिल्हाभराचा म्हणून त्यात गेला. याला वर्षाच्या वर लागलं. मधे बीडीओ साहेबांची बदली झाली, पण साक्षीला त्यांना नव्या जागेवरून बोलावून घेतलं. मला फाइलसोबत जायचं होतं.

रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालो. आरक्षण वेटिंगवर होतं, ते गाडी सुटायच्या आधी कसंबसं आरएसी झालं; एका बर्थवर मी आणि मधे बॉक्स फाइल. ग्रामविकास विभाग मंत्रालयात नाही, तो फोर्टात मर्झबान पथावर बांधकाम भवनात आहे. सीएसएमटीहून पायी जाता येतं, टॅक्सीवाल्याला मंत्रालय सांगून फुकट फिरू नका. साक्षीच्या आदल्या दिवशी तिथं सचिवांकडं पूर्वतयारीची बैठक असते आणि ती प्रत्यक्ष साक्षीपेक्षा कडक असते. सचिवांना आपल्या तालुक्याचं नावही ठाऊक नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच उत्तर द्यायचं असतं. त्यामुळं एका पानात, मोठ्या अक्षरात, तारखांसकट लिहून द्या. मी चार पानांची टिपणी नेली होती. तिथल्या कक्ष अधिकारी बाईंनी माझ्यासमोर त्याचं एक पान केलं, आणि खरंच काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला विधान भवन. प्रवेशासाठी नावांची यादी आधी गेलेली असते. यादीत नाव आहे ना ते आदल्या दिवशीच विचारून घ्या, ओळखपत्र मूळ न्या. आमच्याबरोबरच्या एका अभियंत्याचं नाव राहिलेलं, तो दुपारपर्यंत फाटकाबाहेर. आत वेळ अकराची होती, आमचा जिल्हा दुपारी तीनच्या पुढं घेतला. बाहेरच्या बाकांवर राज्यभरातले लोक फायली घेऊन बसलेले. कोकणातल्या एका लेखाधिकाऱ्यांशी साकवांच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलांच्या) परिच्छेदांवर छान गप्पा झाल्या. आमचा विषय आत जेमतेम वीस मिनिटं चालला. मला काही विचारलं नाही. तिकीट, टॅक्सी, जेवण धरून दोन हजारांच्या आसपास गेले, मुक्काम कल्याणला बहिणीकडं केला म्हणून निभावलं. प्रवास भत्त्याचं देयक सहा महिन्यांनी निघालं, लेखा शाखेत असूनही.

समितीचा अहवाल पुढं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सादर झाला. कामकाजाच्या क्रमात त्याची एक ओळ असते, वाचून होते आणि सभागृह पुढच्या विषयाला जातं. अहवालात आमच्या तालुक्याला दोन पानं. टँकरच्या देयकांची जबाबदारी निश्चित करून वसुली करावी, लॉगबुकं देयकाबरोबरच तपासावीत, अशी शिफारस होती. वसुली झाली. दोघांकडून हप्त्यानं, एकाच्या पगारातून, एकाच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणातून. तिसरे वारले होते, त्यांचा वाटा अजून पत्रव्यवहारात आहे. अंगणवाडी ताईंची वही समितीच्या कागदांत गेली आणि परत मागवायला मी लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही. त्यांना मी सगळ्या पानांची झेरॉक्स नेऊन दिली, तर म्हणाल्या, “आता मला काय करायची ही?” आणि तरी पेटीत ठेवली.

शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल, म्हणजे कार्यपूर्ती, जिल्हा परिषदेमार्फत विभागाकडं आणि तिथून समितीकडं जातो. या कागदाची पोच घेऊन स्वतःजवळ एक प्रत ठेवा. माझ्या निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्रावर शेरा आला, की २०१२-१३ चा टँकरचा परिच्छेद माझ्या कार्यालयाच्या नावे प्रलंबित आहे. मी त्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात होते, हे सांगून कुणी ऐकेना. कार्यपूर्तीची पोच आणि तो जुना कार्यकालाचा तक्ता जोडून अर्ज दिला. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम दोन महिने उशिरा, पण पूर्ण मिळाली.